भांड्यावरचं नाव

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुम्हाला सांगावं की नाही, हेही अजून ठरत नाही – कारण माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही, आणि या सगळ्याचं मूळही तेच आहे.

आमची गल्ली नवीन जालन्यात, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. सोळा घरं. मागच्या हिवाळ्यात मी गल्लीत जुन्या वस्तूंची विक्री भरवली. प्रत्येकाने घरातलं नको असलेलं सामान द्यायचं, रविवारी मोकळ्या प्लॉटवर टेबलं मांडायची आणि जे मिळेल त्यातून तिथे बसायला दोन बाक करायचे. सगळे म्हणाले, ताईंना केवढी हौस! शाळेतून रिटायर झालेल्या बाईला काहीतरी उद्योग हवाच, असंही माझ्यामागे म्हणाले असतील.

हौस कसली? मला माझी परात शोधायची होती.

आईची पितळी परात, काठावर तिचं नाव कोरलेलं. गल्लीत कुणाकडे कार्य असलं की ती जायची, एका घरातून दुसऱ्या घरात फिरायची. एकदा गेली ती परत आलीच नाही. कुणाला विचारावं तर म्हणे, आमच्याकडून पुढे गेली. मग मी मनातल्या मनात एकेक घर खोडत गेले. वकिलांचं खोडलं, बँकवाल्यांचं खोडलं. शेवटी उरलं समोरचं, नसरीनभाभींचं. तेच का उरलं? गल्लीत घरात उर्दू बोलणारं ते एकच घर. दुसरं काही कारण नव्हतं, आणि हे मला तेव्हाही माहीत होतं. माझे गुडघे दुखतात म्हणून बाजारातून माझीही भाजी आणणारी हीच बाई – आणि तिच्या स्वयंपाकघरात गेले की मी फळीवरची भांडी न्याहाळायचे.

तर मी नियम केला. सामान आदल्या दिवशी माझ्याकडे आणून द्यायचं, किमतीच्या चिठ्ठ्या मी लावीन. शनिवारी दुपारी दार लावून घेतलं, चष्मा चढवला आणि एकेक भांडं उलटंपालटं करून नावं वाचली. माणसं खोटं बोलतात, भांड्यावरचं नाव बोलत नाही – असं मी धरून चालले होते. परात कुठेच नव्हती. राहिलं भाभींचं पोतं. त्यांचे मिस्टर घाईघाईत दारात ठेवून गेले होते. सोडलं, तर जुना मिक्सर, कपबश्या, दोन चादरी, आणि सगळ्यांत वर फडक्यात गुंडाळलेला स्टीलचा डबा. झाकणावर माझं नाव.

खरं सांगू? मला आनंद झाला.

रविवारी तो डबा मी टेबलाच्या मधोमध ठेवला, नाव दिसेल असा. मुद्दाम. गल्लीतल्या मंगलबाईंनी तो उचलून नाव वाचलं.

"हे तं तुमचंच नाव हाय, ताई. कोणाच्या सामानात आल्ता?"

मी फक्त नसरीनभाभींकडे बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं. मागून कुणीतरी म्हणालं, "मंग परातीचं बी तिथंच विचारा ना."

भाभी पुढे आल्या. डबा हातात घेऊन त्यांनी झाकण काढलं, आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"ताई, यात काहीच न्हाई होतं का?"

"नाही," मी म्हणाले. "रिकामाच होता."

त्यांनी झाकण नीट लावलं, डबा होता तिथे ठेवला आणि घरी निघून गेल्या.

डबा रिकामा नव्हता.

त्यात डिंकाचे लाडू होते, गच्च भरून. दिवाळीचा फराळ मी त्याच डब्यातून त्यांच्याकडे पाठवला होता. कुणाचं भांडं रिकामं परत करू नये – हे जसं माझ्या आईने मला शिकवलं तसं त्यांच्या आईनेही त्यांना शिकवलं असणार. थंडी पडली की तुमच्या गुडघ्यांसाठी लाडू करते, असं त्या म्हणाल्याही होत्या. सामान इकडे येतच होतं, तर त्यावरच डबा ठेवून दिला. हे मला नंतर कळलं असं समजू नका. झाकण उघडलं, तुपाचा वास आला, तेव्हाच सगळं कळलं होतं. तरी मी लाडू बरणीत काढले. डबा घासला. तुपाचा ओशटपणा जाईना म्हणून पुन्हा घासला, कोरडा पुसला. का? परात नाही तर नाही, चोर तरी सापडायला हवा होता.

भाभींना चारचौघांत सांगता आलं असतं की मी भरून पाठवला होता. सांगितलं नाही. सांगून काय झालं असतं? एकीकडे त्यांचा शब्द, एकीकडे मास्तरणीचा.

बाक झाले. चांगले झालेत. भाभी तिथे बसत नाहीत. भेटल्या की 'बरं हाय ना, ताई' एवढं विचारतात, थांबत नाहीत. ईदला शीरखुर्मा सगळ्या घरी गेला, वाट्यांतून, डब्यांतून. माझ्याकडेही आला – प्लास्टिकच्या ग्लासात. पिऊन फेकून द्यायचा. परत करायला काही ठेवलंच नाही त्यांनी.

परात अजून मिळालेली नाही. अजूनही कुणाकडे जेवायला गेले की भांडी उलटी करून बघावीशी वाटतात. मी सुधारले, असं सांगायला मी बसलेले नाही.

लाडवांचं राहिलंच. ते मी टाकून दिले नाहीत. रोज सकाळी चहाच्या आधी एक, स्वयंपाकघराचं दार लोटून. संक्रांतीपर्यंत पुरले. गुडघ्यांना बराच आराम पडला.