पांढऱ्या खडूचं हैदराबाद

कोणी हैदराबादला निघालंय असं कानावर आलं की सर खिशातून खडू काढायचे आणि विचारायचे, "पायी, का रिक्षानं?"

रिक्षानं म्हटलं की खडू परत खिशात. "मग मला कशाला इचारता? रिक्षावाल्यालाच इचारा की." पण पायी म्हणणाऱ्याची सुटका नसायची. त्याला दंडाला धरून चित्रकलेच्या खोलीत नेणार, फळा पुसणार आणि काचीगुड्याच्या स्टेशनापासून सुरुवात करणार. तास बुडाला तर बुडाला. मुलांना काय, ती खूशच.

सेलूच्या शाळेत आम्ही बरोबर नोकरी केली. ते चित्रकलेला, मी गणिताला. मुंबई आमची राजधानी झाली ती नंतर. त्याआधी आजोबा-पणजोबांची राजधानी हैदराबाद, आणि ती सवय अजून गेलेली नाही. घरात मोठं दुखणं आलं, लग्नाच्या बांगड्या भरायच्या झाल्या की आमच्याकडचा माणूस आजही तिकडचीच गाडी धरतो. त्यामुळे स्टाफरूममध्ये सरांना गिऱ्हाईक कायम मिळायचं. मोकळा तास असला की मीही चित्रकलेच्या खोलीत मागच्या बाकावर जाऊन बसायचो.

फळ्यावर आधी लाल खडू. नदी, चारमिनार, चार कमानी, म्हणजे गोवळकोंड्याच्या सुलतानांनी वसवलेलं शहर. त्यावर हिरवा खडू. पूल, हायकोर्ट, दवाखाना, हे निजामाचं. "शहरावर शहर बसलंय बघा. खालचं मेलेलं नसतंय, दबलेलं असतंय. गाडीत बसून गेलं की वरचंच दिसतं. पायाला मातर खालचं कळतं." मग पांढरा खडू घेऊन लाल-हिरव्यावरून एक रेघ ओढायचे. वळणं घेत घेत ती रेघ एका बारक्या गल्लीत जाऊन थांबायची.

"आणि ही कुणाची?" नवा माणूस विचारायचा.

"ही माझ्या बापाची."

आता खरी गंमत ऐका. सर स्वतः हैदराबादला कधी गेलेलेच नव्हते! परभणीला हजारदा, त्या वाटेवर ताडकळसच्या पुढं एकदा, पण हैदराबादला एकदाही नाही. मला हे कळलं तेव्हा मी हसून लोटपोट झालो. ते रागावले नाहीत. म्हणाले, "तुमी तर रोज त्रिकोण काढता. कुठं बघितलाव त्रिकोण?"

त्यांचे वडील तरुणपणी गाव सोडून हैदराबादला गेले होते. छापखान्यात कागदाचे गठ्ठे वाहायचे. टांगा परवडत नव्हता, म्हणून सगळं शहर पायांनी पाठ झालं. पुढं परत आले आणि येलदरीच्या धरणावर कामाला लागले. संध्याकाळी पोराला समोर बसवून हातातल्या काडीनं मातीत हैदराबाद काढायचे. सरांची चित्रकला तिथं सुरू झाली. त्या नकाशात किल्ले-महाल नुसते ओळखीपुरते. खरी खूण म्हणजे कुठं पाणी मिळतं. कुठल्या मशिदीच्या तोटीवर कोणी जात विचारत नाही, कुठल्या दारात उभं राहायचं नाही. आणि त्या बारक्या गल्लीत, नान-रोट्या भाजणाऱ्या नानबाईच्या भट्टीशेजारी, एक हाटेल.

"गावात आमची कपबशी येगळी असायची," सर सांगायचे. आवाज चढवायचे नाहीत, मुलांना पेन्सिल कशी धरायची ते सांगावं तसंच सांगायचे. "बाहेर खिळ्याला टांगलेली. आपणच धुवायची, आपणच टांगायची. त्या हाटेलात बाप पहिल्यांदा गेला तर मालकानं सगळे पितात त्याच कपात चहा दिला. बापानं पिऊन कप धुवायला घेतला, तर मालक वराडला, 'अरे, रख उसको!' बाप म्हणायचा, तुला मोठा झाल्यावर तिथं नेतो. तिथं चहा पाजतो."

नेणं झालं नाही. सर शिकत होते तेव्हाच वडील गेले. "एकट्यानं कसं जावं?" हे सरांचं ठरलेलं उत्तर. म्हणून जो जाईल त्याला ते तेवढं एकच काम सांगायचे, "तिथं माझ्या नावानं चहा घ्या."

आणि आमची माणसं! विज्ञानाच्या बाई सासूचे डोळे दाखवायला गेल्या, आल्या आणि म्हणाल्या, "सर, घेतला बरं का चहा. काय सुरेख हॉटेल आहे!" मुख्याध्यापक म्हणाले, गल्लीत शिरलो की वासच येतो भट्टीचा. क्लार्कनं तर मालक तुमच्या वडिलांसारखाच दिसतो म्हणून सांगितलं, गाढवानं. खरं म्हणजे सगळे स्टेशनावरून रिक्षात बसलेले आणि रिक्षातून परत स्टेशनावर उतरलेले. पण सर असे डोळे मोठे करून ऐकायचे की खरं सांगायला कोणाची जीभ रेटणार? मी कधी गेलो नव्हतो, म्हणून माझ्यावर वेळ आली नाही. आली असती तर मीही तेच केलं असतं.

निवृत्ती जवळ आली तेव्हा एका दिवाळीच्या सुट्टीत सर अचानक घरी आले. "बाप ज्या वयात गेला त्या वयाचा झालो मी. आता तो काय न्यायला येत न्हाई. तुमी चलता का?"

पहाटे काचीगुड्याला उतरलो. रिक्षावाले अंगावर आले, त्यांना सरांनी हातानंच बाजूला केलं. आणि मग, खरं सांगतो, मी थक्क होत गेलो. सुलतान बाजार आला, कोठी आली. पुतळीबावलीवरून अफजलगंज, तिथून मुसी नदी. "पूल वलांडला की उजव्या हाताला हायकोर्ट," ते म्हणाले, आणि हायकोर्ट उजव्या हाताला उभं! सर लहान मुलासारखे टाळ्या पिटायला लागले. चार कमानींतल्या एकीवर तळहात ठेवून कितीतरी वेळ उभे राहिले. "लाल," म्हणाले. तोवर माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता, पण बोलायची माझी छाती झाली नाही.

पत्थरगट्टीच्या मागं गल्ल्यांत शिरलो आणि पांढरी रेघ अडखळायला लागली. जिथं तोटी हवी तिथं मोबाइलची दुकानं. वळण हवं तिथं सरळ भिंत. सर परत मागं यायचे, तोंडातल्या तोंडात पुटपुटायचे, पुन्हा निघायचे. शेवटी एका अत्तरवाल्या म्हाताऱ्याला विचारलं. त्यानं नानबाईचं नाव ऐकून मान हलवली.

"वो भट्टी? और वो हाटल? कब के गए मियाँ. मेरी शादी के पैले. सड़क चौड़ी किए ना, तब पूरी गल्ली गई."

समोर रस्ता होता. त्यावरून बस जात होती.

सर पायरीवर बसले. अत्तरवाल्यानं पाणी दिलं, ते प्याले. मग माझ्याकडं बघून हळूच म्हणाले, "मग बाईंनी चहा कुठं पेला?"

मी चपलेचा अंगठा बघत बसलो. त्यांनीही परत विचारलं नाही. परतीच्या गाडीत ते खिडकीशी बसून होते. मी चिवडा पुढं केला तर "भूक न्हाई" म्हणाले.

सुट्टी संपली. आमची फेरी आणि ती गेलेली गल्ली, दोन्हीची बातमी तोवर पोचलेली. स्टाफरूममध्ये सर आले तेव्हा सगळ्यांची तोंडं उतरलेली. बाई तर पदराशी चाळा करत होत्या. सरांनी पिशवी टेबलावर ठेवली, सगळ्यांकडं एकदा बघितलं आणि म्हणाले, "लय भारी चहा. तुमी सांगितला तस्साच."

बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. घंटा झाली आणि जो तो आपापल्या वर्गावर गेला. त्यानंतर सरांनी फळ्यावर हैदराबाद काढलं नाही. आणि एकदा तरी काढा म्हणून आम्हीही म्हणालो नाही. त्यांना त्रास नको, अशी आपली आमची समजूत.

मागच्या उन्हाळ्यात सर गेले. मी परभणीला त्यांच्या घरी भेटायला गेलो. वहिनी एकट्याच होत्या. जरा वेळ इकडचं तिकडचं झालं.

"शेवटी शेवटी रोज तेच सांगायचे," वहिनी म्हणाल्या. "स्टेशनापासून निघायचे, बापाच्या रस्त्यानं. मी म्हणायची, किती येळा ऐकू? एक दिवस म्हणले, आता हे जगात कुठंच ऱ्हाईलं न्हाई, माझ्यापशीच हाय. मी गेलो की हे बी गेलं. तू तरी ध्यान देऊन ऐक." त्यांनी स्वयंपाकघराकडं बघितलं. "माझं कुठलं ध्यान? कुकरच्या शिट्ट्या मोजायलेली मी. हो हो करत ऱ्हाईले."

मग त्या माझ्याकडं वळल्या.

"तुमी तर संगं गेलते, भाऊ. शाळेत इतकी वर्षं ऐकलंय तुमी. तुमी सांगा ना मला. मी नीट ऐकते आता."

मी सुरुवात केली. काचीगुड्याच्या स्टेशनातून बाहेर पडायचं. सुलतान बाजार, कोठी, पुतळीबावली. अफजलगंज. मुसीचा पूल ओलांडला की उजव्या हाताला हायकोर्ट. मग पत्थरगट्टी. तिथून डावीकडं वळायचं. का उजवीकडं? आधी तोटी, का आधी भट्टी? इतकी वर्षं तो फळा माझ्यासमोर होता, आणि मी तेव्हा वह्या तपासत बसलेलो.

वहिनी डोळे मिटून ऐकत होत्या.

"मग पुढं?" त्या म्हणाल्या.

पुढचं मला येत नव्हतं.