कॅम्पातली बरोक करंजी

गेल्या रविवारी भल्या पहाटे कोथरूडहून कॅम्पात गेले आणि तिथे माझी अशी काही फजिती झाली की अजून हसू आवरत नाहीये...

मी शाळेत इतिहास शिकवायचे. निवृत्त झाल्यावर मनात घेतलं, की सोसायटीतल्या लोकांना जुनं पुणं हिंडून दाखवायचं. पहिल्या फेरीला एकटा नवरा आला. दुसऱ्या फेरीला तोही वाटेत मिसळ खायला थांबला तो तिथेच रमला.

म्हणून या वेळी घरात जाहीर करून टाकलं, आता कोणी आलं नाही तर हा नाद कायमचा सोडला. नवरा म्हणाला, "बरं." आमच्याकडे प्रोत्साहन हे असं मिळतं! मला मात्र फार वाईट वाटत होतं. इतकी वर्षं बोलून झाल्यावर ऐकायला कोणीच नसलं की घर खायला उठतं हो...

ठिकाण मात्र नामी निवडलं होतं. कॅम्पातल्या एका चौकात इंग्रजांच्या काळातलं दगडी कारंजं आहे, युरोपातल्या बरोक धाटणीचं. म्हणजे नुसती नक्षीच नक्षी... शंख, मासे, गाल फुगवलेली गुटगुटीत बाळं. दुरुस्तीनंतर त्यात पुन्हा पाणी खेळतंय आणि सूर्योदयाला ते बघण्यासारखं असतं.

सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकायचा होता आणि चष्मा सापडेना. मग फोनला तोंडी सांगितलं आणि न वाचताच पाठवून दिलं.

रविवारी जाऊन बघते तर काय, चौकात ही गर्दी! जोशीकाकू, आयटीतलं ते नवीन जोडपं, आणि चक्क दामलेकाका, जे सोसायटीच्या मीटिंगलाही चहा आल्यावरच उगवतात. मला इतकं भरून आलं... डोळे पुसून बोलायला सुरुवात केली.

तेवढ्यात लक्षात आलं, दामलेकाकांच्या हातात स्टीलचा डबा आहे. रिकामा. काकूंच्या पिशवीत दोन. आयटीतली मुलगी विचारत होती, लाइन कुठून आहे?

मी मुकाट्याने फोन काढून स्वतःचा मेसेज वाचला. "रविवारी सूर्योदयाला कॅम्पात ऐतिहासिक बरोक करंजी. उशीर करू नये, नंतर ती मजा नाही."

बोंबला! कारंज्याची करंजी झाली होती. बरोक ही कुठलीतरी जुनी बेकरी असणार, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलेलं. पहाटे उघडत असेल, तासाभरात माल संपत असेल, शाखा अर्थातच कुठेही नसणार... पुण्यात यात कोणाला काय शंका येणार?

कसंबसं खरं काय ते सांगितलं. सगळे आपापल्या रिकाम्या डब्यांकडे बघायला लागले. दामलेकाका तर पाठ फिरवून स्कूटरकडे निघालेसुद्धा. झालं, संपलं सगळं, असं वाटलं.

आणि तेवढ्यात ऊन आलं. आधी सगळ्यात वरच्या बाळाच्या गालावर, मग हळूहळू खाली शंखांवर, माशांवर... पाणी नुसतं झगमगायला लागलं. काकू म्हणाल्या, अगंबाई, काय सुंदर आहे हे!

मग मी सुटलेच. या दगडाला इतकी वळणं कशासाठी, मासे आत्ता उडी मारतील असं का वाटतं, सगळं वर्गात सांगायचे तसं सांगत गेले. लोकांनी फोटो काढले, सेल्फी काढले, आणि मग फोन खिशात ठेवून चक्क प्रश्न विचारायला लागले!

बोलून झालं तेव्हा बघते तर दामलेकाका परत येऊन मागे उभे. म्हणाले, "शुद्ध फसवणूक आहे ही. पुढच्या रविवारी कुठे यायचं, ते नीट टाइप करा, बाई."

काका मला एरवी वहिनी म्हणतात. शाळा सुटल्यापासून मला कोणी 'बाई' म्हटलं नव्हतं... खायला आलात आणि ऐकायला थांबलात, मंडळी, फार फार आभार.