उन्हात तापवलेले दगड

माझ्या चंदना आत्तीच्या घरात भांड्यांपेक्षा दगड जास्त. आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. आमच्या निपाणी भागात आत्याला आत्तीच म्हणतात. स्वयंपाकघरातल्या फळीवर दगड, बंबामागे दगड, दिवाणाखाली चपलांच्या जागी दगड. पाहुणा आला की त्याचा अंगठा एकदा तरी ठेचकाळायचाच. सगळे काळे, गुळगुळीत, वेदगंगेच्या पात्रातून तिने स्वतः वेचून आणलेले. मी चिडवायचो, "आत्ती, तुझ्या घरात चोर शिरला तर काय न्हील गं?" ती म्हणायची, "न्हेऊ दे की. वजनानंच मरंल."

या दगडांनी तिने अर्ध्या गावाच्या पाठी मोकळ्या केल्या. तंबाखूच्या वखारीत दिवसभर वाकून बसणाऱ्या बायका, गाडीवरून पडलेली पोरं, लग्नाच्या पोळ्या लाटून खांदा आखडलेल्या सासवा, सगळे आधी तिच्याकडे, मग डॉक्टरकडे. ती चुलीतल्या राखेत दगड पुरायची, तापला की सुती फडक्यात गुंडाळायची, आधी स्वतःच्या गालाला लावायची आणि मग दुसऱ्याच्या पाठीला. कंबरेला भाकरीसारखा चपटा, मानेला लिंबाएवढा. चीर गेलेला दगड सरळ उकिरड्यावर. नदीतून नुकताच आणलेला ओला दगड चुलीजवळसुद्धा न्यायची नाही. आत पाणी राहिलं की विस्तवात फुटतो म्हणे.

पण दगडापेक्षा तिचं तोंड जास्त चालायचं. "लागतंय? वर घिऊ? हितं दुखतंय का नुस्तं आखडलंय? चटका बसला का?" विचारून विचारून माणसाला भंडावून सोडायची. शेवटी मराठी बाई "बास" म्हणायची, कानडी बाई "साकु" म्हणायची, की आत्ती दगड उचलायची. मी एकदा विचारलं, एवढी चौकशी कशाला? तर म्हणाली, "कुठला दगूड, किती गरम, हे मला काय ठावं? ज्येचं दुखतंय त्योच सांगणार की."

मागे मी एका मित्राच्या नादाने बेळगावातल्या एका बड्या हॉटेलात 'हॉट स्टोन मसाज' करून आलो होतो. मंद दिवे, कुठूनतरी बासरी, अंगावर मोजून मांडलेले चकचकीत दगड. मसाज करणारी मुलगी दर थोड्या वेळाने विचारायची, "प्रेशर ठीक है सर?" गावी येऊन मी आत्तीपुढे फुशारकी मारली. वाटलं होतं, चिडेल, नावं ठेवेल. ती म्हणाली, "इच्यारत हुती न्हवं? मग पोरगी चांगली शिकल्याली हाय."

आत्तीला एकच मुलगा, सन्मती. माझ्याहून थोडा लहान. आम्ही एका ताटात जेवलो आणि एकमेकांची डोकी फोडली. तो बेळगावात इंजिनीअर झाला, पुण्यात नोकरीला लागला, आणि एका चातुर्मासात मुनींच्या दर्शनाला म्हणून गेला तो घरी राहायला परत आलाच नाही. आधी ब्रह्मचर्य घेतलं, मग दिगंबर दीक्षा. दीक्षेच्या दिवशी सगळा मंडप जयजयकार करत होता आणि मी मागच्या बाजूला पाण्याच्या टँकरपाशी रागाने उभा होतो. राग कुणाचा, ते मला आजही सांगता येणार नाही. आत्तीचे यजमान तोवर गेलेले. आईची परवानगी विचारली गेली तेव्हा तिने हात जोडून होकार दिला. हसली पण होती.

त्या दिवशी सन्मती हे नाव संपलं. आता ते महाराज. आत्तीही महाराजच म्हणते. मुनींना बाईमाणसाचा स्पर्श चालत नाही, चार हात लांबून नमोस्तु म्हणायचं. त्यात आईला सूट नाही.

यंदा चातुर्मास संपल्यावर महाराज बेळगावच्या दिशेने विहार करत निघाले. विहार म्हणजे अनवाणी पायी चालणं, आणि आता तर सगळा हमरस्ता. वाटेत आमच्या गावात, बस्तीशेजारच्या त्यागी निवासात मुक्काम पडला. बस्ती म्हणजे आमचं जैन मंदिर. आत्तीने आदल्या दिवसापासून घर धुवून काढलं होतं. पण सकाळी महाराजांना उठताच येईना. कंबरेपासून मानेपर्यंत पाठ लाकडासारखी धरलेली. निपाणीचे डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, स्नायू आखडलेत, शेक द्या, पडून राहू द्या, आणि एक इंजेक्शन घ्या. इंजेक्शनला महाराजांनी मान हलवली. नको.

ज्यांना आमची रीत ठाऊक नाही त्यांना वाटेल, पाठ धरली, त्यात एवढं काय? तर ऐका. दिगंबर मुनी दिवसातून एकदाच आहार घेतात, तोही उभं राहून, ओंजळीत. भिंतीला टेकायचं नाही, कुणी धरायचं नाही. पाणीही तेव्हाच, पुन्हा दुसऱ्या दिवसापर्यंत थेंब नाही. म्हणजे उभं राहता आलं नाही तर अन्न नाही आणि पाणीही नाही. पहिला दिवस तसाच गेला. दुसराही गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्तीने मला दुकानातून बोलावून घेतलं. मी मोटार रिवाइंडिंग करतो. विहिरीवरच्या मोटारी जळतात, मी त्यांच्यात नवी तार भरतो. हाताला ग्रीस तसंच घेऊन गेलो. आत्ती त्यागी निवासाच्या पायरीवर उभी होती, खांद्याला दगडांची पिशवी. संघातले ब्रह्मचारी तिला अदबीने समजावत होते, "आक्का, विस्तवावर तापवलेलं काही घ्यायचं नाही असा महाराजांचा नियम आहे. आणि तुम्ही स्वतः तर..."

"ठावं हाय मला," आत्ती म्हणाली. "इस्तू न्हाय, ऊन तर चालतंय न्हवं? आनि हात माझं न्हाईत. ह्या जिनाचं हाईत." एवढं बोलून तिने मला पुढे ढकललं.

"माझं?" मी म्हटलं. "आत्ती, मला काय येतंय?"

"व्हय बाबा, हात न्हवं ती, पक्कड हाय तुझी. पर दुसरं कोन हाय मला?"

बस्तीच्या गच्चीवर पत्र्याचा एक तुकडा होता, त्यावर तिने दगड मांडले. हिवाळ्याचं ऊन, त्यात ढगांची ये-जा. आत्ती पदर डोक्यावर घेऊन तिथेच बसली आणि पापड परतावेत तसे दगड परतत राहिली. मधूनच एखादा उचलून गालाला लावायची. "ह्यो वरनं तापलाय, आत गार हाय." बाजूला. "ह्यो लई जड, कळ लागंल." बाजूला. "ह्यो बरा, पर टोक हाय ह्येला." एकेका दगडाचा असा निकाल लावताना तिचा चेहरा इतका घट्ट झाला होता की थट्टा करायची माझी हिंमत झाली नाही. शेवटी एक चपटा दगड माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, "पळ. ऊन उतरायच्या आत."

महाराज लाकडी पाटावर कुशीवर झोपले होते. मी "नमोस्तु महाराज" म्हटलं. लहानपणी ज्याला लाथा घालून अंथरुणातून उठवायचो, त्याला. त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि मिटले. त्या दिवशी मौन होतं. आत्ती दाराबाहेर. तिला तिथून पाटाचं टोक दिसत होतं आणि महाराजांचे तळवे. रस्त्याने फाटलेले, भेगाळलेले, डांबराचे डाग पडलेले.

"पाठीच्या कन्याच्या डाव्या अंगाला," ती बाहेरून म्हणाली. "दोन बोटं सोडून ठेव. दाबू नगंस."

मी ठेवला आणि हाताने धरून राहिलो.

"आता इच्यार."

"महाराज, लागतंय का?"

उत्तर नाही. मौन नसतं तरी उत्तर आलं नसतं. अजून जरा वर, थोडं गरम, असं मागणं त्यांच्या वाटेत बसत नाही. देहाचं दुखणं सोसायचं, त्याचे लाड मागायचे नाहीत.

"बोलत न्हाईत," मी म्हटलं.

"मग श्वास बघ. लांब हाय का तुटतोय?"

मला काय कळणार? मोटारीचा आवाज कळतो मला. मी अंदाजाने म्हटलं, "बरा हाय." आयुष्यभर विचारून विचारून काम केलेली बाई, तिला आता माझ्यासारख्या अडाण्याच्या अंदाजावर चालायचं होतं.

दगड निवला की मी गच्चीवर पळायचो, दुसरा आणायचो. तिसऱ्या खेपेला ढग आला होता आणि दगड जेमतेम कोमट होता. ऊब नाही तर जोर तरी, असं मनात आणून मी तो तळहाताने दाबला. महाराजांचा श्वास अडकला. घशातून बारीकसा आवाज आला, लहान मुलाचा येतो तसा.

"सन्म्या! लागलं का रं बाळा?"

आत्ती उंबऱ्यापर्यंत आली होती. ब्रह्मचाऱ्यांनी मान खाली घातली. माझा हात दगडावर तसाच राहिला. मला वाटलं, आता तरी ते काहीतरी बोलतील. नियम असेल, मौन असेल, पण आईने हाक मारली आहे. एक हुंकार तरी. महाराजांनी डोळे न उघडता उजवा हात पाटावरून थोडा उचलला आणि तळवा दाराकडे केला. आशीर्वाद. गावातल्या कुणाही बाईला देतात तो.

आत्ती दोन पावलं मागे सरकली. हात जोडून म्हणाली, "नमोस्तु महाराज." मग माझ्याकडे बघून हळूच, "उचल त्यो दगूड."

मला भयंकर राग आला. त्यांचा, स्वतःच्या हातांचा, त्या ढगाचा. गच्चीवर जाऊन मी तो दगड कठड्यावर आपटला, तर माझंच बोट चेमटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी महाराज उठले. कसे, ते त्यांनाच ठाऊक. भिंतीचा आधार घेत, अर्धे वाकून अंगणात आले. तिथे ओळीने घरोघरची माणसं आहाराची तयारी करून उभी होती. सगळ्यांत जवळ आत्ती होती. ती जागा लोकांनी न सांगता तिला सोडली होती. "हे स्वामी, नमोस्तु, नमोस्तु," ती म्हणाली. महाराज तिच्यासमोर थांबले, म्हणजे आजचा आहार तिच्या हातचा. पाय धुणं, पूजा, सगळं झालं. मग त्यांनी भिंत सोडली, सरळ झाले, आणि ओंजळ पुढे केली.

पहिलं पाणी. आत्तीने तांब्यातून बारीक धार धरली. आपल्या हाताने त्यांच्या ओंजळीत वाढायची परवानगी तेवढी आईला असते, हाताला हात न लावता. एक ओंजळ झाली. दुसरी. गळा हलताना दिसत होता आणि आम्ही सगळे त्या गळ्याकडे बघत होतो. मी मागच्या बाजूला होतो, म्हणून मला आधी दिसलं. कण्याच्या डाव्या अंगाला मांस थरथरायला लागलं होतं. मी दगड ठेवला होता तिथेच.

आत्तीलाही कळलं असावं, कारण तिने एकदा त्यांच्या गुडघ्यांकडे बघितलं. घाई करावी तर धार सांडणार, ओंजळ हलणार, आणि आहार तिथेच मोडणार. हळू घालावं तर पाठ वाट बघणार नाही. आम्ही दहा-बारा धडधाकट माणसं भोवती हात जोडून उभे. त्यातल्या एकाने नुसता दंडाला हात लावला असता तरी ते उभे राहिले असते. पण हात लागला तरी आहार संपला. आत्ती त्याच संथ धारेने पाणी घालत राहिली. मग तांब्या ठेवून तिने भाताचा घास उचलला, चिमूटभरच, आणि ओंजळीत ठेवला.

महाराजांचा डावा गुडघा वाकला. ओंजळ सुटली. भात फरशीवर पडला.

ते खाली बसले. चेहऱ्यावर काही नव्हतं, खंत नाही की वेदना नाही. मोरपिसांची पिंछी उचलली, कमंडलूच्या पाण्याने हात धुतले. माणसं कुजबुजायला लागली, अंतराय झाला, अंतराय. म्हणजे आहार मोडला, आता उद्यापर्यंत काही नाही. आत्ती घासाचा हात तसाच पुढे धरून उभी होती. मी जवळ गेलो तर म्हणाली, "पानी तर गेलं रं पोटात. व्हय न्हवं? चार ओंजळी तर गेल्या." तीन गेल्या होत्या. मी व्हय म्हटलं.

दुपारी ती पुन्हा गच्चीवर. आभाळ गच्च भरलेलं, पत्रा गार. तरी तिने सगळे दगड मांडले आणि एकेक उचलून बघायला लागली. कालचा चपटा दगड बाजूला ठेवला. म्हणाली, "ल्हान पडला ह्यो. मोठा घ्याय पायजे हुता. माझंच चुकलं." मी सांगायचा प्रयत्न केला की चुकला असेल तर माझा हात चुकला, तुझा दगड नव्हे. तिने ऐकलं नाही.

"जिना," ती म्हणाली, "तुझ्या फोनात दिसतंय म्हनं. बघ की रं, उद्या ऊन हाय का."

मी फोन काढला. उद्या ढग, परवा ढग आणि पाऊस, त्यापुढेही ढगच.

"हाय की," मी म्हटलं. "कडक ऊन हाय."

"मग बरं झालं," ती म्हणाली, आणि एक मोठा दगड पदराने पुसून गालाला लावून बघू लागली.