सहा पावलांवरचा आडोसा

आमच्या ल्होत्का गावातला मतदानाचा लाकडी आडोसा हिनेक दोलेझल या सुताराने १९५४ साली केला. बाहेरून रंधा मारून गुळगुळीत, आतून मात्र खडबडीत. "आत कोण जाणार आहे?" असं गावकमिटीचे अध्यक्ष म्हणाले होते आणि ते खरंही होतं. मतपत्रिकेवर एकच नाव असायचं. ती घ्यायची, घडी घालायची आणि सगळ्यांसमोर पेटीत टाकायची. आडोशामागे जाणाऱ्याला ते नाव खोडायचं असणार, हे न कळण्याइतकं दूधखुळं कोणी नव्हतं. शाळेच्या वर्गात, टेबलापासून सहा पावलांवर, पार कोपऱ्यात तो ठेवलेला असायचा. तिकडे जाणाऱ्यांची नावं टिपायला पेन्सिल घेऊन टेबलाशी बसायचे मी. शाळेची बाई, अक्षर चांगलं, एवढाच माझा गुन्हा.

हिनेक भित्रा म्हणावा इतका सरळ. त्याची बायको व्लास्ता नेमकी उलट. खाटकाच्या दुकानात रांगेत उभी राहून ती मोठ्याने विचारायची, "नुसती हाडंच? मांस काय संचलनाला गेलंय?"

१९७६च्या निवडणुकीत दोघं माझ्यासमोर उभी होती. व्लास्ताने पत्रिका घेतली आणि कोपऱ्याकडे पाहिलं.

"हिनेक, बावीस वर्षं झाली. तुझं काम आतून कसं आहे ते एकदा बघू दे की."

"आत बघण्यासारखं काही नाही."

"मग बघून लगेच येते."

त्याने तिचं कोपर धरलं. ओढलं नाही, नुसतं धरून ठेवलं. "इरेनाची परीक्षा आहे," तो इतक्या हळू म्हणाला, की फक्त आम्हा दोघींनाच ऐकू आलं. त्यांची मुलगी वसंतात पुढच्या शाळेच्या प्रवेश परीक्षेला बसणार होती. घरच्यांच्या नावाला बट्टा लागला की असे प्रवेश हुकायचे. व्लास्ताने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्या पेन्सिलीकडे. पत्रिका पेटीत टाकून ती निघून गेली.

इरेनाला प्रवेश मिळाला. त्या दिवसावरून व्लास्ता नवऱ्याला कधी बोलली नाही. एवढी फटकळ बाई, पण याबाबत चकार शब्द नाही. तेच त्याला जास्त लागलं.

१९८९च्या नोव्हेंबरात कम्युनिस्ट राजवट कोसळली आणि पुढच्या जूनमध्ये निवडणूक ठरली. आता पक्ष ढीगभर आणि आडोशामागे जाणं सगळ्यांना सक्तीचं. हिनेकने आडोसा घरी नेला, आतून रंधा मारला, लिहायला फळी बसवली. आजारी व्लास्ता अंथरुणातून हुकूम सोडायची, "कडा नीट घास. माझी बाही अडकली तर बघ." मतदानाला अठरा दिवस उरले असताना ती गेली.

मतदानाला हिनेक दफनविधीचाच काळा कोट घालून आला. आत गेला तो बराच वेळ बाहेर येईना. "हिनेक, डोळा लागला का रे?" रांगेतून कोणीतरी म्हणालं, लोक हसले. मग तो बाहेर आला, लिफाफा पेटीत टाकला आणि माझ्या टेबलाशी थांबला.

"बाई, एक विचारू? तेव्हा ती आत गेली असती, तर तुम्ही तिचं नाव लिहिलं असतं?"

इतक्या वर्षांत चौघं आडोशामागे गेले होते. मी एकाचंही नाव लिहिलं नव्हतं. दर वेळी 'कोणी नाही' असं लिहून कागद वर पाठवला. पण भीतीपोटी हे मी कोणालाच सांगितलं नाही. कुंपणावरून व्लास्ताच्या कानात एक शब्द टाकला असता, तर ती बाई ती सहा पावलं चालली असती. याचं मला आजही वाईट वाटतं.

हिनेक वाट बघत होता.

"लिहिलं असतं," मी म्हणाले.

त्याने श्वास सोडला. "मग बरोबर केलं मी," तो म्हणाला आणि घरी गेला.

तेव्हापासून तो मला ओळख देत नाही. व्लास्ताच्या थडग्यावर मी ठेवलेली फुलं तो उचलून भिंतीपलीकडे टाकतो. मी पुढच्या रविवारी पुन्हा ठेवते.