मुक्या चित्राखाली हादग्याची चाल

पौषातल्या एका सोमवारी बापूमामा ड्यूटीवरून आला आणि डोक्यावरची टोपीही न काढता म्हणाला, "इंदे, तुझं ते बाड बांध. सोलापूरच्या थेटरात शुक्रवारपास्नं बोलपटाचं यंत्र बसतंय. हुसेन मास्तरांचा ताफा गुरुवारपातूरच हाय."

मामा रेल्वेत गार्ड आहे. कुर्डुवाडीतल्या आमच्या घरी गावोगावच्या बातम्या त्याच्याबरोबरच येतात. बाड म्हणजे माझे स्वरलेखनाचे कागद. मी पुण्याला गायन शिकते, सुट्टीत घरी आले होते. आश्विनात पाटावर हत्ती काढून त्याभोवती मुली फेर धरतात, त्या हादग्याची एक चाल मी आख्ख्या वाद्यवृंदासाठी बसवली होती. फिडल, क्लॅरिओनेट, कॉर्नेट, पायपेटी, तबला, ढोल. बसवली म्हणजे कागदावर. कानांनी ऐकली होती ती फक्त माझ्याच पेटीवर. पुण्याच्या गुरुजींना दाखवली, तर ते "छान आहे" म्हणाले आणि त्याच कागदांवर पान लावायला बसले. चाल खरंच वाजते की नुसती माझ्या डोक्यात वाजते, हे मला कुणीतरी सांगायला हवं होतं. मुक्या चित्रपटांखाली वाजवणारा असा ताफा आता आमच्या बाजूला दुसरा उरला नव्हता.

बुधवारी सकाळच्या पॅसेंजरने निघालो. तुम्ही कधी या गाडीने जाणार असाल तर भाकरी घरूनच घ्या. स्टेशनावर चहा मिळतो, पण तो गरम पाणी म्हणूनच प्यावा. मी बायकांच्या डब्यात खिडकी धरली. माढा गेलं, मोहोळ गेलं, दोन्हीकडे शाळू कंबरेच्या वर आलेला. रुळांचा ठेका माझ्या चालीला इतका जुळत होता की सीना नदीच्या पुलावर तो बदलला तेव्हा मला राग आला. मामा रजेवर होता, तरी प्रत्येक स्टेशनात उतरून गार्डाने हिरवा झेंडा नीट दाखवला का ते बघून येत होता.

सोलापुरात टांगा करताना आधी भाव ठरवा. आम्ही ठरवला नाही आणि मामा मावशीच्या दारापर्यंत टांगेवाल्याशी भांडत आला. मावशी साखर पेठेत राहते. तिच्या भिंतीपलीकडे विणकरांचे माग. दिवसभर खटक-खट, खटक-खट, आणि त्यावर तेलुगूतलं बोलणं. पहाटे गिरणीचा भोंगा झाला. गोधडीतून मी त्याचा सूर गुणगुणून बघितला, काळी दोनच्या आसपास होता. मावशी म्हणाली, "अगं, लोक भोंग्याला उठतात आणि तू त्याच्यासंगं गातीस व्हय?" त्या शहरात मला सगळंच तालात दिसत होतं, दोरीवर वाळणाऱ्या रंगीत सुताच्या लडीसुद्धा.

गुरुवारी दुपारी थेटरात गेलो. दिवसा थेटर फार गरीब दिसतं. पडद्यावर दोन ठिगळं होती. पडद्यासमोरच्या खोलगट जागेत हुसेन मास्तर फिडलच्या तारांखालचा घोडा सारखा करत बसले होते. पांढरी दाढी, डोक्यावर काळी टोपी. त्यांनी कागद एकदा वरपासून खालपर्यंत पाहिले आणि ज्याचे त्याला वाटून दिले.

माझी चाल सुरू झाली. काय सांगू, अंगावर काटा आला! पेटीवर जी एक रेघ होती, तिला रंग भरला होता. आणि दुसऱ्या आवर्तनाच्या मध्यावरच क्लॅरिओनेट बंद पडली. नरसय्या ती वाजवत होता. त्याचे कान लाल झाले होते आणि तो धापा टाकत होता.

मास्तर माझ्याकडे वळले. "बेटी, चाल लई गोड हाय. पन नरसय्याला जिता ठेवायचा हाय का न्हाय?"

सगळे हसले. मामासुद्धा हसला, याचा मला जास्त राग आला.

"ह्ये तू पेटीवर बसवलंस," मास्तर म्हणाले. "पेटीला भाता हाय, मानसाला छाती. दम घ्यायला जागाच न्हाय ठेवलीस."

"जागा ठेवली तर चाल तुटते," मी म्हणाले.

"हौ, तुटते. मग बघ काय करती ते. खेळाच्या आदी आन, वाजवू. उद्यापास्नं हितं मशीन गाइल."

मी कागद गोळा केले. थेट सिद्धेश्वराच्या तळ्यावर जाऊन पायरीवर बसले. मामाने शेंगदाण्याची पुडी पुढे केली, मी घेतली नाही. मला रडू येत होतं. दम घ्यायची जागा कुठेही टाकली तरी तो फेर मोडत होता. शेवटी मी चाल तोंडानेच म्हणून बघितली आणि माझाही दम नरसय्याच्याच जागी संपला. नवलच वाटलं. लहानपणापासून हे गाणं म्हणत आले, कधी दम संपला नव्हता! आणि मग फेर डोळ्यांसमोर आला. मी श्वास घेते तेव्हा शेजारची गात असते. ती थांबते तेव्हा तिच्या पलीकडची. एकटीने ते गाणं कुणी म्हणतच नाही.

मग मी एकच ओळ सगळ्यांना वाटून दिली. क्लॅरिओनेटचा शेवटचा सूर लांबतोय तोवर फिडलने तो हातात घ्यायचा, फिडलकडून पेटीने, पेटीकडून कॉर्नेटने. सगळी पानं परत लिहिली. मामा शाईची दौत धरून बसला होता. तळ्यात देवळाची सावली लांबली तेव्हा मी उठले आणि सगळी पुडी संपवली.

संध्याकाळच्या खेळाला मामा पुढे बसला, मी बायकांच्या बाजूला. इथे जाताना बसायला काहीतरी अंथरायला न्या, बाकं टोचतात. दिवे गेले. पडद्यावर नायिका होडीत बसली, नदी चंदेरी झाली, आणि खालच्या अंधारातून माझी चाल आली. नरसय्याकडून फिडलकडे गेली, तिथून पेटीकडे. कुठेही तुटली नाही. होडी पाण्यावर चालली होती की माझ्या सुरांवर, मला खरंच सांगता येणार नाही. शेजारच्या बाई पडद्यावरची नजर न काढता पुटपुटल्या, "ह्ये हादग्याचं न्हवं का गं?" मी अंधारातच मान हलवली.

शेवटच्या आवर्तनाला मात्र फिडल आलंच नाही. त्याची जागा पेटीने सांभाळली. मास्तरांना पसंत पडलं नाही म्हणून त्यांनी गज खाली ठेवला, असंच मी धरून चालले.

खेळ सुटल्यावर मी सरळ विचारलं, "मास्तर, तुम्ही थांबलात का? चुकलं का काही?"

ते फिडल त्याच्या खोक्यात ठेवत होते. "न्हाय बेटी. इतकी वर्सं पडद्याकडं बघून वाजवलं. आमी कसं वाजवतो, ते कधी ऐकलंच न्हाय. आज थांबलो तरी चाललं की." मग त्यांनी खोक्याचं झाकण लावलं.

शुक्रवारी सकाळी परत निघालो. मावशीने शेंगाच्या चटणीचा डबा दिला होता, त्याचा वास गाडीत पसरला आणि समोरच्या बायकांशी ओळख झाली. घरी दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विचारलं, "मास्तर काय म्हणाले?" मी म्हणाले, "काही नाही, ऐकत बसले."

आता त्या थेटरात पडदा स्वतःच बोलतो. नरसय्या लग्नाच्या बँडमध्ये गेला, मास्तर घरीच असतात, असं मामा सांगतो. तुम्ही गेलात तर पडद्यासमोरची ती खोलगट जागा बघा, तिथे आता खुर्च्या टाकल्या आहेत.

यंदा आश्विनात आमच्या अंगणात फेर धरला. त्याच चालीवर आलो तेव्हा मी गायची थांबले. मुलींचे हात हातात होते, पाय चालत होते, मी नुसती ऐकत होते. उजवीकडच्या सखूने कोपराने ढोसलं, "गा की गं!"

"थांब," मी म्हणाले, "मला जरा ऐकू दे."