बिघडवल्याशिवाय तपासायचं नाही!

नंदुरबारात मिरची वाळते पथारीवर, आणि सरला मॅडमचे किस्से साचतात आमच्या चहाच्या टपरीवर! एक उचलावा तर खाली चार सापडतात. मॅडम नवापूरकडच्या डोंगरातल्या. इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात डिजिटल सर्किटची तपासणी आणि डेटा मायनिंग यांवर संशोधन करतात. त्यांची प्रयोगशाळाच उचलून शहरात न्यायचा घाट संस्थेने घातला होता. का? तर म्हणे, 'असल्या जिल्ह्यात कसलं संशोधन?' उभा जन्म बातमीदारीत गेला, पण असला संताप क्वचित आला!

*

पहिल्याच भेटीत मी विचारलं, "सर्किट तपासता म्हणजे नेमकं काय करता?"

"भाऊ, सर्किटला प्रश्न विचारते. उत्तर चुकलं की बिघाड आहे समजायचं. कमीत कमी प्रश्नांत जास्तीत जास्त बिघाड पकडायचे."

"मग हे तर आमचंच काम!"

"छे! तुम्ही प्रश्न कमी विचारता, भाषण जास्त करता."

मुलाखत छापली. हे वाक्य सोडून!

*

त्यांच्या प्रयोगशाळेची एक रीत आहे. तपासणीचा नवा प्रोग्रॅम लिहिला, की आधी एक चांगला सर्किट-बोर्ड मुद्दाम बिघडवून त्याला द्यायचा. प्रोग्रॅमला बिघाड सापडला नाही, तर लिहिणाऱ्याने सगळ्यांना चहा पाजायचा.

नव्या प्राचार्यांनी एका विद्यार्थ्याला पक्कडीने तार तोडताना पाहिलं आणि ते धावतच आले. "मॅडम, मुलं कॉलेजची मालमत्ता तोडताहेत!"

"सर, जो तोडत नाही त्याला मी नापास करते!"

*

मुलांनी जोडलेले बोर्ड मध्येच का बिघडतात, ते कळेना. मॅडमनी सगळ्या नोंदी कॉम्प्युटरला घातल्या, डेटा मायनिंग केलं. निष्कर्ष निघाला: बाजारात मिरचीची आवक जोरात, त्या दिवशी बिघाड जास्त! सोल्डरिंग करताना मुलं शिंकत होती, हात हलत होता.

मॅडम खुशीत येऊन वर्गाला हे सांगायला लागल्या, तर मागून एकजण म्हणाला, "मॅडम, कंप्युटरले कशाले तरास दिधा? मन्हं नाक कधनंच सांगी ऱ्हायनं!"

मॅडम सगळ्यांत जास्त हसल्या. खिडक्या मात्र त्याच दिवशी बंद झाल्या.

*

शेवटी प्रयोगशाळेचा निकाल लावायला शहरातून तज्ज्ञ आले. सोबत त्यांचं परदेशी तपासणी मशीन आणि एक बोर्ड. मॅडमचा प्रोग्रॅम चुकला, की प्रयोगशाळा हलणार, हे ठरलेलंच होतं. प्राचार्य हात चोळत उभे. मी कोपऱ्यात, दात-ओठ खात.

मॅडमच्या प्रोग्रॅमने बोर्ड तपासला. उत्तर आलं: बिघाड आहे.

तज्ज्ञ खो खो हसले. "अहो मॅडम, हा बोर्ड आमच्या मशीनने पास केलाय! संपला विषय."

"सर, तुमच्या मशीनला कधी बिघडलेला बोर्ड दिलात?"

"गरजच काय? इम्पोर्टेड आहे!"

मॅडमनी पक्कड घेतली. बोर्डवरची एक तार कटकन तोडली आणि बोर्ड त्यांच्या मशीनमध्ये ठेवला. हिरवा दिवा. पास!

एक अख्खी चिप उपटली. हिरवा दिवा. पास!

"मशीन प्रवासात हललं असेल..." तज्ज्ञ पुटपुटले.

मॅडमनी बोर्ड बाहेर काढला, नीट तज्ज्ञांच्या हातात दिला आणि रिकाम्या मशीनचं बटण दाबलं.

हिरवा दिवा. पास!