आमच्या गच्चीवरची कस्टम

संध्याकाळी ऊन उतरताना आमच्या कस्टमने लिंबाचं एक पान उलटं केलं आणि माझ्या नाकाखाली धरलं. "अहो, हा डाग बघा. चष्मा लावून बघा, उगाच हो म्हणू नका." मी चष्मा लावला. पानाच्या मागे खरखरीत तपकिरी ठिपका होता. भोवती पिवळं कडं होतं की उन्हाचा रंग होता, ते मला सांगता येईना. तिलाही येईना. उद्या चांगल्या उजेडात बघू म्हणाली, साबणाने हात धुतले, मलाही धुवायला लावले. खाली येऊन पिठलं-भात खाल्ला. दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. रात्री झोपेतच गेली.

कस्टम म्हणजे माझी बायको. तिचं खरं नाव आमच्या करी रोडच्या टॉवरात कोणाच्या तोंडी नव्हतं. चाळ पाडून टॉवर झाला तेव्हा लोकांनी जुनी कपाटं वर आणली, हिने माहेरच्या परसातलं कागदी लिंबू आणलं आणि गच्चीवर पिंपात लावलं. माहेरचं घर विकलं गेलं होतं, तिथलं हे एवढंच उरलं होतं. सत्यनारायणाच्या पूजेला म्हणून गच्चीची चावी मागून घेतली ती परत दिलीच नाही. सोसायटीने तीनदा मागितली, तिन्ही वेळा हिने सरबत पाजून परत पाठवलं. कोणी कुंडी घेऊन वर आलं की दारात स्टूल टाकून बसलेली ही म्हणायची, "थांबा. पिशवी उघडा."

हे खूळ आलं आमच्या पोरीमुळे. मनीषा हिंदी महासागरातल्या एका बेटावर शेतीखात्यात आहे. तिकडे संत्र्या-लिंबांच्या बागा. बाहेरच्या फळांतून, रोपांतून कुठला रोग बेटावर शिरेल याचा आधीच अंदाज बांधायचा, हे तिचं काम. मी सुतार माणूस. मी विचारलं, जो आलाच नाही तो तुला दिसतो कसा? ती म्हणाली, बाबा, तीन प्रश्न असतात. येईल का, आला तर रुजेल का, आणि रुजला तर किती नासवेल. माझ्या डोक्यावरून गेलं. हिच्या डोक्यात बसलं.

पण लगेच नाही बसलं. आधी हिने चोरी केली. मनीषा सुट्टी संपवून परत निघाली तेव्हा हिने तिच्या बॅगेत साडीच्या घडीत चार लिंबं लपवली. तिकडे विमानतळावर पोरीला तिच्याच खात्यातल्या माणसाने पकडलं. नियमही तिनेच लिहिलेला. फोनवर पोरगी तापली होती, ओरडून ओरडून घसा बसला तिचा. मला वाटलं आता ही रडणार. ही जिन्यात जाऊन सगळ्यांना सांगत सुटली, "माझ्या पोरीला कोणी फसवू शकत नाही. मी पण नाही." त्या दिवसापासून पक्ष बदलला. मुंबई पण बेटच की, म्हणाली, आणि आपली गच्ची त्याच्यातलं बेट.

मग बाजारातलं लिंबू घरात यायचं बंद. भाजीवालीने फुकट दिलेली कढीपत्त्याची काडीसुद्धा दाराबाहेर झटकायची. कढीपत्ता लिंबाच्याच कुळातला, असं मनीषाने सांगितलं होतं. "नातेवाईकच रोग आणतात," असं ती माझ्या बहिणीकडे बघून म्हणायची. चुकायचीही. सहाव्या मजल्यावर नव्या भाडेकरीणबाई मोगऱ्याच्या कुंड्या घेऊन आल्या, त्या कुंड्या हिने आठवडाभर जिन्यात बसवल्या. मोगऱ्याला लिंबाचा रोग होत नाही असं मनीषाने फोनवर सांगितलं तेव्हा म्हणाली, मोगऱ्याला नसेल, बाईंना असेल.

खरी गंमत झाली ती लिंबू-मिरचीची. दर शनिवारी एक बाई येऊन दारोदारी लिंबू-मिरची टांगून जायची. हिने हिशेब मांडला. बाजारातलं लिंबू, कुठल्या बागेतलं ठाऊक नाही, आणि ते प्रत्येक दारावर. रोगाला याहून चांगला रस्ता कुठला? लोकांना काढा म्हणून सांगितलं तर कोण ऐकणार? म्हणून दुपारी सगळे आडवे झाले की ही आमच्या मजल्यावरची लिंबं उतरवायची, उकळत्या पाण्यातून काढायची आणि पुन्हा टांगायची. सोमवारपर्यंत लिंबं काळी पडून लोंबायला लागायची. मजल्यावर बोलणं सुरू झालं. कोणाची तरी भयंकर नजर आहे, दारावरचं लिंबू शिजतं. शेजारच्या परबाच्या बायकोने गावच्या भगताला फोन लावला. संशय माझ्यावर आला, कारण मी तोंडाचा फाटका. बायका मला बघून पोरांना आत घ्यायला लागल्या. ही त्यांच्यातच बसून गंभीर चेहऱ्याने म्हणायची, "हो बाई, ह्यांची नजर पहिल्यापासून तशीच." मग आपल्या झाडाची लिंबं सगळ्यांना दारावर टांगायला फुकट वाटली, आणि नजर उतरली.

ते तीन प्रश्न ती माणसांनाही लावायची. शेजारच्या परबाचा साडू आठ दिवसांसाठी येणार होता. ही म्हणाली, "येणार नक्की, रुजणार नक्की. परब, चहापत्ती आताच लपवा." साडू दिवाळीचा फराळ खाऊन गेला. मी एकदा विचारलं, माझ्याबद्दल काय? म्हणाली, "तुम्ही आलात, रुजलात, नासवलंत. आता उपाय नाही."

हसायची, पण झाडाच्या बाबतीत दयामाया नव्हती. तिने आपल्या लिंबाच्या बियांची रोपं रंगाच्या डब्यांत वाढवून शेजाऱ्यांना दिली होती. परबाच्या रोपावर खैऱ्या आला. खैऱ्या म्हणजे लिंबाची खरूज, पानाफळांवर खवले धरतात. परब हात जोडून म्हणाला, वहिनी, एवढी फांदी कापा, बाकी राहू द्या. ही म्हणाली, "पावसाचे शिंतोडे उडाले की सगळ्यांच्या गॅलऱ्या जातील. मग कोणाकोणाच्या फांद्या कापू?" मुळासकट उपटून पत्र्याच्या डब्यात जाळलं. परब महिनाभर बोलला नाही. नंतर हिने त्याला दुसरं रोप दिलं.

ती गेली त्या सकाळी घर माणसांनी भरलं. तिला हॉलमध्ये निजवली होती. मनीषाचं विमान परवाचं, थांबू नका म्हणाली. मी गच्चीवर गेलो आणि तिथून तिला व्हिडिओ कॉल लावला. पान दाखवू का, म्हटलं. बराच वेळ नुसतं रडणं ऐकू येत होतं. मग म्हणाली, "मागची बाजू उजेडात धरा."

धरली.

"खैऱ्याच आहे, बाबा. पण आज नको. नुसती फांदी छाटा, बाकीचं मी आल्यावर बघते."

मी खाली जाऊन करवत आणली. परब मागोमाग आला. म्हणाला, "अरे, पोरगीच राहू दे म्हणते ना. कोणाला कळणार आहे? मी नाय बोलणार."

"तुझ्या गॅलरीत तिचं रोप आहे ना?"

"आहे."

"मग गोणीचं तोंड धर."

त्याने धरलं. मी झाड बुंध्याशी कापलं, मुळं खणून काढली, हिरवी लिंबंही आत टाकली. लिफ्टमध्ये पान सांडेल म्हणून जिन्याने उतरलो. घरात ती तशी निजलेली असताना गच्चीवर आग कोण पेटवणार? गोणी गाडीत तिच्या पायाशी ठेवली.

स्मशानातल्या माणसाने हात आडवा घातला. बाहेरचं लाकूड चालत नाही म्हणाला.

मी म्हटलं, "लिंबू आहे. रोग लागलाय. एक पान जरी इथे सांडलं तरी ही उठून बसेल."

त्याने गोणीत डोकावून बघितलं. मग बाजूला झाला. मी फांद्या तिच्या दोन्ही बाजूंनी रचल्या, खाली पडलेली पानं वेचली, आणि रिकामी गोणीही चितेत टाकली.